बाबांची स्पिटफायर आणि खाली बसत जाणारं ब्रेक पेडल

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

सोलापुरातल्या एका पन्नाशीच्या वाचकांचं पत्र आहे. त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात मुंबईहून 1968ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क 3, विकत आणली. दोन सीटांची, उघड्या टपाची, लाल. गाडी अजून सुरू होते, पण ब्रेकनं मान टाकली आहे. पेडल दाबून धरलं की हळूहळू तळाला जातं, बाहेर ऑइल गळताना मात्र दिसत नाही. पुढचं उजवं चाक थोडं चाललं की तापतं. गावातली गॅरेजं ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणून हात वर करतात. मुंबईचा एक विक्रेता ‘ओरिजिनल, सीलबंद डब्यातला’ जुना मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा मुख्य सिलिंडर) आणि वॉशर किट (त्यातली रबरी सील) 28,000 रुपयांना देतोय, परत घेण्याची बोली नाही. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, मारुती 800चे ब्रेक बसवून देतो. धाकटा भाऊ म्हणतो, विकून मोकळे व्हा. पत्नी त्या गाडीत बसायला तयार नाही. आणि वडिलांना पंचाहत्तरीच्या दिवशी, फेब्रुवारीत, याच गाडीतून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचंय. ते विचारतात: ‘ओरिजिनल घ्यावं, मारुतीचं बसवावं, की गाडीच काढून टाकावी?’

उत्तर

नमस्कार,

पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट सांगतो, बाकी सगळं नंतर. ही गाडी आजपासून उभी करा. कोपऱ्यापर्यंत नाही, पंपापर्यंत नाही, ‘इंजिन गरम करायला एक चक्कर’ म्हणूनही नाही. 1968ची तुमची गाडी ब्रिटिश बाजारासाठीची असेल तर तिला ब्रेकचं एकच सर्किट आहे. आजच्या गाड्यांत एक पाइप फुटला तरी दुसऱ्या सर्किटवर निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. तुमच्या गाडीत एक होस, म्हणजे ब्रेकची रबरी नळी, फुटला किंवा मास्टर सिलिंडरमधला एक वॉशर गेला की चारही चाकांचा पायाचा ब्रेक एका क्षणात संपतो. उरतो तो फक्त हँडब्रेक, आणि तोही मागच्या दोन चाकांवर.

तुम्ही लिहिलंय की पत्नीला ‘या छंदाचं महत्त्व कळत नाही’. मला उलट वाटतं. तुमच्या पत्रात चार जणांची मतं आहेत आणि त्यांत गाडीची स्थिती सर्वांत अचूक ओळखली आहे ती त्यांनीच. ‘तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, ब्रेक होईपर्यंत मीही बसणार नाही’, हे त्यांना आजच सांगा. पुढच्या खर्चाबद्दल घरात बोलणंही मग सोपं जाईल.

आता पार्ट मिळत नाहीत या समजुतीकडे येऊ, कारण तुमचे तिन्ही पर्याय तिच्यावरच उभे आहेत. स्पिटफायर 1962 ते 1980 या काळात कॉव्हेंट्रीला बनली आणि 3 लाखांहून अधिक निघाली. सोलापुरात ती एकच असेल, पण ब्रिटनमध्ये या गाडीचे ब्रेकचे पार्ट आजही नव्याने तयार होतात आणि यादीतून नंबर बघून मागवता येतात: मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीचे) सील आणि स्टेनलेस स्टीलचे पिस्टन, पॅड, होस, मागचे व्हील सिलिंडर, सगळं. ‘मिळत नाही’ याचा खरा अर्थ ‘नवी पेठेत काउंटरवर मिळत नाही’ एवढाच. या दोन वाक्यांतला फरक तुमच्यासाठी 28,000 रुपयांचा आहे.

आपल्याकडे या गाडीचं गणगोतही आहे. मद्रासला 1961पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं जी स्टँडर्ड हेरल्ड काढली, ती ट्रायम्फ हेरल्डच. आणि स्पिटफायरची चासी म्हणजे हेरल्डचीच आखूड केलेली चासी. हेरल्डला पुढे ड्रम आणि तुमच्या गाडीला पुढे गर्लिंग या ब्रिटिश ब्रेक कंपनीचे डिस्क, त्यामुळे पुढच्या ब्रेकसाठी हेरल्डचा उपयोग नाही. पण मागचे ड्रम, बेअरिंगं, हँडब्रेकचं सामान याबाबतीत हेरल्डचं म्हणून विचारलंत तर दुकानदाराच्या डोळ्यांत ओळख दिसेल. गर्लिंग हे नावही दक्षिणेत परकं नाही. टीव्हीएस समूह आणि ब्रिटनच्या लुकास समूहानं 1962 साली मद्रासला ब्रेक्स इंडिया काढली आणि गर्लिंगच्या पद्धतीचे ब्रेक इथे बनू लागले. म्हणून जुन्या सामानासाठी आधी मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात हिंडण्यापेक्षा चेन्नईत पुदुपेट आणि जनरल पॅटर्स रोडला कुणाला तरी पाठवणं जास्त फळेल. सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत आणि तिथे कुणी ना कुणी पाहुणा निघतोच.

पण खरेदीच्या आधी निदान. तुमच्या पत्रात पार्टांची यादी आहे, नेमकं काय बिघडलंय हे मात्र कुणी तपासलेलं दिसत नाही. पेडल तळाला जातंय आणि बाहेर गळती नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतला वॉशर दाब धरत नाही, हे जवळपास ठरलेलं. तरी एकदा मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून पाहा. गळती टोपीच्या आत लपलेली असते.

उजव्या चाकाचं कोडं वेगळं आहे आणि ते अर्ध्या तासात सुटतं. पुढचा भाग जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर घ्या. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा. चाक हातानं फिरवा, अडेल. आता कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करा. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर पिस्टन गंजून अडकलाय. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब मागे कुठेतरी कोंडलाय. मग निपल बंद करा, पुन्हा पेडल दाबा, आणि चाक अडलं की या वेळी रबरी होस जिथे धातूच्या पाइपला मिळतो तो वरचा जोड सैल करा. त्यानंही चाक सुटलं नाही, तर होसच आतून फुगून बंद झालाय. जुन्या होसचा हा ठरलेला आजार. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, आतली भोकाची वाट मात्र इतकी अरुंद होते की पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं आणि परत येत नाही. असं असेल तर ज्या कॅलिपरसाठी तुम्ही हजारो मोजायला निघाला होतात तो कदाचित चांगलाच आहे. (हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. तो लाल रंग पापुद्रे धरून निघेल.)

आता त्या सीलबंद डब्याबद्दल. तुम्ही ‘ओरिजिनल’ हा शब्द पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलाय, आणि वडिलांच्या गाडीला दुय्यम काही लावायचं नाही ही भावना मला मनापासून पटते. पण चाळीस-पन्नास वर्षं डब्यात पडलेलं रबर हे चाळीस-पन्नास वर्षांचं रबरच. ते कडक होतं, आकार धरून बसतं, आणि ऑइल लागल्यावर काही महिन्यांत दाब सोडायला लागतं. सिलिंडरचं ओतीव धातूचं अंगही दमट हवेत आतून टिपके धरतं, आणि त्या टिपक्यावर नवा वॉशरसुद्धा घासून फाटतो. जुन्या डब्यातलं धातूचं सामान तपासून घ्यायला हरकत नाही. रबर घ्यायचं ते या एक-दोन वर्षांत बनलेलं. विक्रेत्याला एकच विनंती करा: डबा उघडून बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) आत बॅटरीचा उजेड टाकून फोटो पाठवा. ‘सील तोडलं तर किंमत उतरते’ असं उत्तर आलं तर समजा की त्याला किंमत डब्याची मोजून घ्यायची आहे. तुम्हाला डब्याचा उपयोग नाही, तो व्यवहार सोडा.

मारुतीच्या ब्रेकांचा बेत मी साफ नाकारेन. मिस्त्रींच्या हाताबद्दल शंका नाही. सोलापुरात हात चांगले आहेत, त्यावर पुढे लिहितोच. पण हब वेगळा, चाकाच्या बोल्टांचं अंतर वेगळं, कॅलिपर बसवायला वेल्डिंग करून ब्रॅकेट करावं लागणार, आणि ते वेल्डिंग नेमकं सुकाणूचा भार घेणाऱ्या भागावर येणार. शिवाय पुढच्या पिस्टनचं क्षेत्रफळ बदललं की मास्टर सिलिंडरशी असलेलं प्रमाण बिघडतं, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो, आणि जोरात ब्रेक मारताच गाडी मागून फिरू शकते. हलकी, आखूड गाडी आहे ही. गाडी थांबतेय एवढ्यानं ब्रेक बरोबर आहेत असं होत नाही. पार्ट जगात कुठेच मिळत नसते तर अनुभवी माणसाकडून मोजमाप काढून असा बदल करण्याचा विचार करता आला असता. इथे ती वेळच आलेली नाही.

मग करायचं काय? मी असतो तर असं वाटून घेतलं असतं.

रबर, होस, पॅड आणि मास्टर सिलिंडर नवे, आणि ते एकाच ऑर्डरमध्ये ब्रिटनहून. लिंकनजवळचे रिमर ब्रदर्स ट्रायम्फच्या सामानाचे जुने व्यापारी आहेत, त्यांच्यासारखे आणखीही आहेत. अमेरिकेतल्या मॉस मोटर्सकडून मागवलंत तर जपून. अमेरिकेसाठीच्या गाड्यांना पुढे दुहेरी सर्किट आलं, त्यांचा मास्टर सिलिंडर वेगळा. ऑर्डर देण्याआधी बॉनेट उचला (या गाडीचं आख्खं नाकच पुढे उलटतं, काय सुंदर सोय आहे ती) आणि पट्टीवरचा कमिशन नंबर (कारखान्यानं गाडीला दिलेला क्रमांक) उतरवून घ्या. मार्क 3चा नंबर ‘एफडी’नं सुरू होतो. तुमचा ‘एफसी’नं सुरू झाला तर गाडी आधीच्या मार्कची आहे आणि कॅलिपरही वेगळे असू शकतात. चाळीस वर्षांत कुणी काय बदललं हे नंबर सांगत नाही, म्हणून सिलिंडरचा बोअर व्हर्निअरनं मोजायचाच.

खर्च धरताना यादीतली किंमत धरून थांबू नका. कस्टम्सची आकारणी माल, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर होते आणि त्यावर पुन्हा जीएसटी लागतो. म्हणूनच पाच पार्सलांपेक्षा एक पार्सल. बिलावर प्रत्येक वस्तूचं नाव आणि ‘नवीन’ असा उल्लेख हवा. इंटरनेटवर तिकडचे वापरलेले कॅलिपर स्वस्तात दिसतील. ते मागवू नका. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगी लागते, आणि पार्सल अडकलं तर ते सोडवण्याची दगदग मालाच्या किमतीला झाकून टाकेल.

कॅलिपर मात्र तुमचेच ठेवा. पिस्टन आणि सील बदलून ते नव्यासारखं काम करतात. दोन अर्धे बोल्टनं जोडलेले दिसतील, ते सोडायचे नाहीत. त्याची गरज पडत नाही. गंजलेले पिस्टन पकडीनं ओढून काढणारा माणूस भेटला तर त्याला थांबवा. कॅलिपर गाडीवरच असताना ब्रेकच्याच दाबानं ते बाहेर ढकलता येतात.

आणि सोलापूर. ‘इथे असलं काम करणारं कुणी नाही’ हे तुमचं वाक्य मला टोचलं. ज्या गावानं गिरण्यांचे माग चालवले, जिथे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आजही टॉवेलच्या यंत्रमागांचे सुटे भाग लेथवर रोज तासले जातात, तिथे ड्रम तासायला, डिस्क समतल करायला, पेडलची झिजलेली पिन आणि बुश करायला, हँडब्रेकचे दुवे बनवायला माणूस नाही असं होणार नाही. तुम्ही चुकीच्या दारात गेलात. गाड्यांचं गॅरेज पार्ट बदलतं. तुम्हाला पार्ट दुरुस्त करणारा हवा. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकशूला लायनर मारणारी दुकानं हायवेच्या बाजूनं आहेत, त्यांना तुमचे 7 इंची ड्रमचे शू म्हणजे हातचा मळ. तिथे फक्त एक बघा: जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं उडवू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

दुकानात विचारताना गाडीचं नाव घेऊ नका. ‘स्पिटफायरचा वॉशर आहे का’ म्हटलं की नकार ठरलेला. जुना पार्ट हातावर ठेवा आणि माप सांगा. अँबेसिडर 2014पर्यंत बनत होती, जुन्या जीप अजून शेतात फिरतात; इंची मापाचं सामान ठेवणारे म्हातारे दुकानदार अजून आहेत, पुण्यात नाना पेठेत तर नक्कीच. फियाट पद्मिनी, जावा किंवा जुनी जीप सांभाळणाऱ्या वाचकांनीही हीच सवय लावून घ्यावी, निम्मी ‘दुर्मीळ’ वस्तू मापानं सापडते. मात्र ब्रेकच्या वॉशरबाबत बोअर जुळला म्हणून घाई नको. वॉशरच्या ओठाची, म्हणजे कडेची, जाडी आणि उंचीही जुळली पाहिजे.

ब्रेकचे लोखंडी पाइप इथेच बनतील, पण आट्यांवर नजर ठेवा. तुमच्या गाडीचे बहुतेक जोड 3/8 इंची यूएनएफ, म्हणजे इंचाला 24 आट्यांचे. इथे सगळीकडे मिळतो तो 10 मिलिमीटरचा, 1 मिलिमीटर पिचचा नट. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. 3/8चा नट 10च्या भोकात सैलसर जातो, आवळलाही जातो, आणि जोरात ब्रेक दाबला त्या दिवशी आटे सोडून बाहेर येतो. 10चा नट 3/8च्या भोकात जात नाही, पण पान्याला नळी लावून तोही बसवणारे असतात. जुने नट फेकू देऊ नका, तेच नव्या पाइपवर चढवा. नुसत्या तांब्याची नळीही नको, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. तांबं-निकेल मिश्र किंवा लेप दिलेली पोलादी घ्या.

आणखी एक गोष्ट मला अगदी कळकळीनं सांगायची आहे. आपल्याकडे सुटं सामान पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलच्या डब्यात बुडवून धुतात. ब्रेकचं रबर त्यानं फुगतं आणि खलास होतं. ग्रीसचंही तेच, साधं ग्रीस सीलला लावायचं नाही, रबरासाठीचं वेगळं लाल ग्रीस मिळतं. सील धुवायचे ते ताज्या ब्रेक ऑइलनंच. हे गॅरेजमध्ये समोर उभं राहून सांभाळा, मागवलेलं महागडं किट दहा मिनिटांत वाया जाऊ शकतं. ऑइल डॉट 4, नव्या बंद डब्यातलं, सिलिकॉनचं डॉट 5 नाही. ताज्या डॉट 4चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. हवेतली ओल शोषून तो 155पर्यंत उतरतो. दर दोन वर्षांनी बदला.

भाऊ म्हणतो विका. विकण्यात गैर काही नाही, आणि तो निर्णय वडील आणि तुम्ही दोघं भाऊ मिळून घ्याल. पण ब्रेक नसलेली गाडी विकायला काढली तर भाव पाडूनच मागणी येईल, म्हणजे विकायची असली तरी ब्रेक आधी. त्याला आणखी एक सांगा: 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर घेता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. मात्र ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुळजापूरचं दर्शन त्यात बसणार नाही, तेव्हा अर्ज करण्याआधी घरात बोला.

राहिली फेब्रुवारीची तारीख. पार्सल, कस्टम्स, लेथचं काम यांतलं काहीही तुमच्या हातात नाही. तारीख जवळ आली की माणूस ‘चालतंय, निघू’ म्हणतो, आणि तुळजापूरचा रस्ता त्यासाठी अगदी वाईट आहे: जाताना घाट चढायचा, म्हणजे ब्रेकची परीक्षाच होत नाही, देवीचं दर्शन झाल्यावर परतताना तोच घाट उतरायचा. म्हणून वडिलांशी आत्ताच बोला. ज्यांनी ही गाडी इतकी वर्षं सांभाळली त्यांना पेडल खाली जातंय हे तुमच्याआधी कळलं असणार. वाढदिवसाला सगळे मोठ्या गाडीतून दर्शनाला जा, आणि स्पिटफायर तयार असेल त्या दिवशी ते आणि तुम्ही दोघंच निघा; तशाही तिला सीटा दोनच आहेत.

तयार म्हणजे काय, तेही सांगतो. इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोरानं एक मिनिट दाबून धरलं तर ते तसूभरही खाली जाता कामा नये. दाब सोडताच चारही चाकं हातानं फिरली पाहिजेत. हँडब्रेकनं चढावर गाडी एकटी उभी राहिली पाहिजे. मग पहाटे मोकळ्या मैदानात कमी वेगानं ब्रेक मारून पाहा, गाडी एका अंगाला ओढते का ते बघा. गावातल्या गावात एक-दोन आठवडे चालवा, दर वेळी परतल्यावर चाकांजवळ हात नेऊन पुढची दोन्ही एकमेकांइतकी आणि मागची दोन्ही एकमेकांइतकी गरम आहेत का पाहा आणि ब्रेकच्या टाकीतली ऑइलची पातळी खुणेशी ताडून घ्या. एवढं जमलं की घाट.

होसची ती चाचणी या रविवारीच करून घ्या आणि कमिशन नंबर व मास्टर सिलिंडरचा मोजलेला बोअर मला लिहून कळवा. त्यावरून मागवायची नेमकी यादी तुम्हाला करून देतो.